खणातला दुसरा हात

खणातून हसण्याचा आवाज आला तेव्हा मी वर डेकवर बसून कोटिंगच्या डब्यात हार्डनर ओतत होते.

"काय झालं हो?" मी वाकून विचारलं.

"काही नाही गो. चांदीची आठवण आली," हरेश्वर खालून म्हणाला आणि पुन्हा हसत सुटला.

चांदी म्हणजे आमची शेळी. ती मरूनही बरेच दिवस झाले होते. हरेश्वर माझा नवरा, पण काम करताना त्याला हसताना मी कधी पाहिला नव्हता. होडीवर असला की कपाळाला आठी आणि तोंड मिटलेलं.

"वर या थोडे," मी म्हटलं. "चहा पाठवलाय आयेनं."

"एवढा कोपरा राहिलाय. तू डबा सोड."

मी दोरीला डबा बांधून खाली सोडला. वाकले तशी थिनरच्या वासाची झळ नाकात गेली. डोळ्यांतून पाणी आलं. तो वास आदल्या दिवसापासून आमच्या अंगाला, कपड्यांना, भातालासुद्धा लागला होता. माझ्या मनगटांवर हार्डनरचे थेंब उडून बारीक पुळ्या उठल्या होत्या आणि सारखी खाज सुटत होती.

होडी किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेली होती. श्रावण चालू होता. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून सगळ्या होड्या दर्यात जायच्या, त्याआधी डागडुजी उरकायची, ही आमच्या बंदराची जुनी रीत. खण म्हणजे होडीच्या पोटातली कोठी. त्यात बर्फ आणि मासळी भरायची. आमच्या खणाच्या फळ्या वर्षानुवर्षं भिजून काळ्या पडल्या होत्या, कितीही धुतल्या तरी वास जायचा नाही, मासळी लवकर उतरायची. म्हणून त्या वर्षी हरेश्वरनं खणाला आतून एपॉक्सीचं कोटिंग मारायचं ठरवलं. पांढरं, सायीसारखं घट्ट. दोन डब्यांतला माल, एक कोटिंगचा आणि दुसरा ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचा, मिसळायचा, थिनर घालून पातळ करायचा आणि ब्रशनं मारायचा. सुकलं की काचेसारखं गुळगुळीत होतं, पाणी शिरत नाही.

माल विकणारा माणूस पहिल्या दिवशी स्वतः आला होता. बिचाऱ्यानं सगळं नीट सांगितलं होतं. आत पंखा लावा, झाकण उघडं ठेवा, वर एक माणूस बसवा, आतल्या माणसाच्या कमरेला दोर बांधा. हा वास हवेपेक्षा जड असतो, तळाला बसतो, वर कळतच नाही. आणि पहिला हात पार कडक व्हायच्या आत दुसरा हात मारा, नाहीतर वरचा थर धरणार नाही, सोलून निघेल.

पहिला हात आम्ही तसाच मारला. पंखा लावला, दोर बांधला. पण तो दोर ओल्या कोटिंगवर घासून सगळीकडे ओरखडे उठले, ते पुन्हा भरायला हरेश्वरला फार त्रास झाला. रात्री वारा सुटला, कुठेतरी खांब पडला आणि लाइट गेली. सकाळी पंखा बंद, आणि दुसऱ्या हाताला थांबायची सोय नव्हती. त्यात पावसाची सर यायची आणि जायची. ओल्या अंगावर माल धरत नाही म्हणून हरेश्वरनं खणाच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद ओढून घेतला, माझ्यापुरती एक फट ठेवली. तोंडाला ओला रुमाल बांधला. दोर काढून ठेवला. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि त्या वेळी प्रत्येक कारण आम्हाला पटलं होतं.

डबा खाली टेकल्याचा आवाज आला. दोरी सैल झाली. पण त्यानं डबा सोडवला नाही.

"अहो, डबा घ्या."

काही नाही.

मी प्लास्टिक बाजूला सारलं. खाली अंधारात पांढऱ्या भिंती चमकत होत्या. हरेश्वर पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्यासारखा दिसला. ब्रश हातात होता. मग तो हळूच कुशीवर कलंडला, झोपेत कूस बदलावी तसा.

"कमळाकर!" मी ओरडले. "कमळाकर, धाव रे! हे पडले!"

कमळाकर माझा मधला दीर. धाकटा मोरू आणि तो, दोघं खालीच नारळाच्या झापांच्या शेडमध्ये जाळं दुरुस्त करत होते. कमळाकर होडीच्या कडेला लावलेल्या फळीवरून धावत वर आला. काय झालं ते त्यानं विचारलंही नाही. खणात वाकून पाहिलं, "दादा!" म्हणाला, आणि बांबूच्या शिडीवरून उतरायला लागला.

"तोंडाला काहीतरी बांध," मी म्हटलं.

"आलो गो वयनी, असा घेऊन आलो."

शेवटच्या पायरीवरून तो उतरला, दोन पावलं हरेश्वरकडे गेला. त्याला उचलायला वाकला. एकदा जोरात श्वास घेतलेला मला वरून ऐकू आला. मग त्याचे गुडघे मोडले. मी सोडलेला डबा तिथंच होता. तो त्याच्या धक्क्यानं उपडा झाला आणि कमळाकर त्याच सांडलेल्या पांढऱ्या मालात पालथा पडला.

इतकंच. मोठा आवाज नाही, तडफड नाही. धडधाकट माणूस, दर्यात वाऱ्याशी झुंजणारा, दिवा विझावा तसा विझला.

आणि त्या क्षणी मला कळलं. तोवर मला वाटत होतं की हरेश्वरला चक्कर आली असेल, उपाशी असेल. कमळाकरला पडताना पाहिलं आणि तो माल विकणारा माणूस काय सांगत होता ते माझ्या अंगात शिरलं. खाली हवा नव्हती. जो उतरेल तो पडेल.

मोरू माझ्या शेजारी येऊन पोहोचला होता. त्यानं आत पाहिलं आणि शर्ट काढून तोंडाला गुंडाळायला लागला.

"नको जाऊस," मी म्हटलं.

"वयनी, बाजूला हो."

"मोरू, कमळाकर आत्ता उतरला. माझ्या डोळ्यांसमोर पडला. तूपण पडशील."

"मी श्वास घेणार नाही. दम धरून जातो, एकेकाला ओढतो."

"ओढून वर कसा आणशील? दम धरून माणूस खांद्यावर घेऊन शिडी चढशील?"

त्यानं ऐकलं नाही. शर्टाची गाठ मारत होता तेवढ्यात मी शिडी दोन्ही हातांनी धरली आणि वर खेचली. बांबूचीच होती, पण लांब. माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. ती वर काढली आणि होडीच्या कडेवरून खाली वाळूत फेकून दिली.

मोरू माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं माझ्या तोंडात मारली. दिरानं वहिनीवर हात टाकावा असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मी पडले, पण खणाच्या तोंडाशीच पडले आणि त्याचा पाय घट्ट धरला.

"माझे दोघे भाऊ आत आहेत!" तो किंचाळला. "तुझा नवरा आहे आत! तू बाई आहेस का कोण आहेस?"

ओरडा ऐकून सासूबाई आल्या. आम्ही त्यांना आये म्हणायचो. सासरे गेल्यापासून तीन मुलांना त्यांनी डोक्यावर मासळीच्या पाट्या वाहून वाढवलं होतं. त्या वाळूतून धावत येताना शिडी पाहून थबकल्या.

"शिडी कोणी काढली?"

"हिनं!" मोरू म्हणाला. "दादा नि कमळाकर आत पडलेत, आणि हिनं शिडी काढली!"

"द्रुपदे!" आयेचा आवाज फाटला. "घाल ती शिडी! माझी दोन पोरं आत आहेत नि तू तिसऱ्याला धरून ठेवलंयस?"

"म्हणूनच धरलंय, आये," मी म्हटलं. माझ्या तोंडातून रक्त येत होतं. "तिसराच राहिलाय."

आयेनं मला शिव्या घातल्या. त्या मी आजही कुणाला सांगत नाही. माझं कुंकू, माझं माहेर, माझी कूस, काही सोडलं नाही. मी ऐकत होते आणि मोरूचा पाय धरून होते. खाली दोघं निपचित पडले होते आणि प्रत्येक क्षण त्यांच्या छातीतून काहीतरी काढून घेत होता. मला तेही कळत होतं. मला वाटलं, आपण यांना मारतोय. वाटलं, सोडून द्यावा पाय. जाऊ दे त्याला, काय व्हायचं ते होऊ दे.

मग माझी नजर कडेवरून खाली गेली. होडी वाळूवर होती. ओंडक्यांचा टेका देऊन उभी केलेली. खणाचा तळ वाळूपासून हातभरसुद्धा वर नव्हता. ते दोघं आमच्यापासून फक्त फळीभर लांब होते.

"मोरू," मी म्हटलं, "तुला आत जायचंय ना? मग खालनं जा. फोड तिला."

त्याला कळलं नाही.

"होडी फोड! तळाला भोक पाड! वास जड आहे, तळाला बसलाय, तो तिथनंच बाहेर पडेल. कुऱ्हाड आण!"

मोरू आयेकडे पाहायला लागला. ती होडी सासऱ्यांनी बांधली होती. आमच्याकडे होडीला पाय लागला तर नमस्कार करतात, तिच्यावर कुऱ्हाड कोण उचलणार? आयेची शिवी अर्धी तोंडातच राहिली. मग ती वळली आणि घराकडे धावत सुटली. परत आली तेव्हा तिच्या हातात जळणाची कुऱ्हाड होती.

तोवर बाजूच्या होडीवरचे इब्राहीमचाचा आणि त्यांचे खलाशी आले होते. एकाच्या तोंडात पेटती बिडी होती. मोरूला घेऊन मी खाली उतरलेच होते, ती ओढून वाळूत पुरली. "इथं थिनर आहे, सगळे जळाल," मी म्हटलं. दोघांनी प्लास्टिक फाडून काढलं. चाचांनी पोरांना बादल्या घेऊन पाण्याला पिटाळलं. कुऱ्हाड खिळ्यावर बसून ठिणगी उडाली तर, म्हणून घाव घालायच्या जागी पाणी ओतत राहायचं.

आये होडीच्या कुशीला गेली. फळ्यांवरून हात फिरवायला लागली. या होडीच्या सांध्यांत कापूस आणि राळ तिनं स्वतः भरली होती, सासरे बांधत होते तेव्हा. तिचा हात एका जागी थांबला.

"इथं," ती म्हणाली. "इथं मागं वासा नाही. घाल."

मोरूनं घाव घातला. ऐनाची फळी, समुद्रानं मुरवलेली. पहिल्या घावाला नुसती खूण पडली. तो रडत रडत घाव घालत होता. दमला की चाचांनी कुऱ्हाड घ्यायची, मग त्यांच्या खलाशानं. मी बादलीनं पाणी ओतत होते. फळी फुटली तर आत थर्माकोल, बर्फ टिकावा म्हणून भरलेला. तो पांढरा भुगा वाऱ्यावर उडून सगळ्यांच्या केसांत, डोळ्यांत गेला. आम्ही तो हातांनी उपसला. त्यामागं आतली फळी. ती पातळ होती. मोरूनं शेवटचा घाव घातला आणि ती आत गेली.

त्या भोकातून जो वास बाहेर आला तो भिंतीसारखा अंगावर आला. मोरू जागच्या जागी डुलायला लागला. चाचांनी त्याला बखोटीला धरून मागं खेचला.

"कोणी तोंड लावू नका तिथं!" चाचा ओरडले. "वाऱ्याला जाऊ द्या. बाजूनं फोडा!"

दम धरायचा, दोन घाव घालायचे, बाजूला पळायचं. पुन्हा दुसरा. असं करत भोक माणूस जाईल एवढं झालं. समुद्राकडून वारा येत होता, वरून खणाचं तोंड उघडं होतं. आत हवा फिरायला लागली. चाचांनी मोरूच्या कमरेला दोर बांधला, त्याचं टोक चौघांच्या हातांत दिलं, आणि मगच त्याला डोकं आत घालू दिलं.

आधी हरेश्वर निघाला. त्याचा चेहरा बर्फाचं पाणी निघून जायच्या नळीपाशी होता. त्या बोटभर भोकातून खालची थोडी हवा त्याला मिळत असावी. अंग निळसर, पण छाती हलत होती. मोठ्या अंतरानं, पण हलत होती.

मग कमळाकर.

त्याला वाळूवर उताणा ठेवला. चेहरा दिसतच नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरा थर. नाक, तोंड, पापण्या, सगळं लिंपून गेलेलं. आये खाली बसली आणि पदरानं पुसायला लागली. "बाळा, तोंड उघड. उघड तोंड." पदर चिकटला, चेहरा पुसला गेला नाही. हार्डनर मिसळलेला माल तो, एव्हाना धरायला लागला होता. मीच मिसळला होता.

गर्दीतून कोणीतरी वाट दिली. कमळाकरची बायको इंदू आली. कडेवर त्यांची लहान मुलगी होती. मुलीनं वाळूवरच्या माणसाकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "हा कोण?"

चाचांच्या जीपमधून दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हरेश्वरला ऑक्सिजन लावला. कमळाकरसाठी डॉक्टरांनी नुसती मान हलवली. दवाखान्यातल्या बाईंनी तेल लावून त्याचा चेहरा सोडवायचा प्रयत्न केला. थोडा थर निघाला. बाकीचा तसाच घेऊन तो चितेवर गेला.

हरेश्वर घरी आला तेव्हा नारळी पौर्णिमा उलटून गेली होती. इतरांच्या होड्या दर्यात होत्या, आमची पोटाला भगदाड घेऊन वाळूत उभी होती. खोकला त्याला सोडत नव्हता, हात कापायचे, जिना चढावा तसा दम उंबरठा ओलांडताना लागायचा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं हळूहळू सावरतील, खाणंपिणं नीट ठेवा. पण त्यानं खाणंच सोडलं. भात समोर ठेवला की तोंड फिरवायचा.

"मी गेलो असतो तर बरं झालं असतं," एवढंच म्हणायचा. "तो माझ्यापायी गेला."

मी विनवलं, रागावले, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. आयेनं देवाला कौल लावला. काही उपयोग झाला नाही. डोळ्यांदेखत तो वाळत चालला. मला वाटायला लागलं, ज्याला फळी फोडून बाहेर काढला तो आता घरातच बुडतोय, आणि इथं फोडायला फळीही नाही.

गावात बोलायचे ते बोलायचेच. हिनं नवरा आत असताना शिडी काढली. मोरू माझ्याशी बोलत नव्हता, पण माझ्यासमोर मान खाली घालून जायचा. इंदू मात्र गप्प. एका घरात, एका चुलीवर आम्ही दोघी रांधत होतो आणि तिनं मला एक शब्दही विचारला नव्हता.

एका दुपारी मी पडवीत मासळी निवडत होते. इंदू माझ्यासमोर येऊन बसली.

"मोरूभावोजींना धरलंस," ती म्हणाली. "ह्यांना का नाही धरलंस?"

मी हातातली मासळी खाली ठेवली. या प्रश्नाची मी इतके दिवस वाट पाहत होते.

"मला तेव्हा माहीत नव्हतं, इंदू," मी म्हटलं. "तो पडला तेव्हा कळलं. त्याच्यामुळंच कळलं. तो उतरला नसता तर मी मोरूलाही सोडला असता. कदाचित मीच उतरले असते."

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं, ती आता मला मारील, आणि मी मारू देणार होते.

ती उठली. आत स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. भात, त्यावर आमटी. ती हरेश्वरच्या खाटेपाशी गेली.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराच्या समोर उभी राहत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून इंदूनं हरेश्वरशी सरळ शब्द कधी काढला नव्हता. काही सांगायचं तर माझ्यामार्फत. त्या दिवशी तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि खाटेच्या कडेला बसली.

"भावोजी, उठा. जेवा."

हरेश्वर दचकून तिच्याकडे पाहायला लागला. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"इंदू, मला नको गो. माझ्यापायी तुझं..."

"मला माहीत आहे कोणापायी काय ते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माझा माणूस तुम्हाला आणायला उतरला. तुम्ही आलात, तो नाही आला. आता तुम्हीही उपाशी मेलात तर तो कशासाठी उतरला होता, ते मला सांगा. मी माझ्या पोरीला काय सांगू?"

हरेश्वर भिंतीकडेच तोंड करून होता. त्याचे खांदे हलायला लागले.

"मरायचं तुमच्या हातात नाही राहिलं आता," इंदू म्हणाली. "उठा."

तो कोपरावर रेटून उठला. ताट घ्यायला हात पुढं केला, पण हात इतका कापत होता की भात खाली सांडला. इंदूनं ताट मांडीवर घेतलं. एक घास कालवला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. दारात आये उभी होती, तिच्यामागं मोरू.

त्यानं तोंड उघडलं. घास चावताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून भातात पडत होतं. इंदूनं पुढचा घास कालवला.

"मीठ कमी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."